मापाऱ्याशेजारचा वजनकाटा

ज्या दिवशी आर्डिस गेली, त्या दिवशी माझ्या पलड्यात दारू मोजून तयार होती. मित्रांनो, ही पिण्याची दारू नव्हे, बंदुकीची. व्हर्लिनने चिमटीने शेवटचे दोन-चार कण टाकले. माझी दांडी वर-खाली झाली आणि रेषेवर येऊन थांबली. तेवढ्यात वर स्वयंपाकघरात फोन वाजला.

"आर्डिस, घे गं!" तो तळघरातून ओरडला. मग त्याला आठवले, की ती चर्चमध्ये गेली आहे, म्हाताऱ्या मंडळींच्या जेवणासाठी बटाटे सोलायला. तो पुटपुटत जिना चढला.

मला वरचे काही दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. तो म्हणाला, "हो, मीच." मग म्हणाला, "पण ती तर बटाटे सोलायला गेलीय." हेच वाक्य त्याने पुन्हा म्हटले. दार आपटले, ट्रक सुरू झाला. बाकावरचा दिवा तसाच जळत राहिला. मी ती दारू पलड्यात धरून रेषेवर उभा राहिलो.

संध्याकाळी वर पुष्कळ पावले आली. कॉफीचा वास आला. कोणीतरी जिन्याच्या तोंडाशी म्हणाले, "हृदय एकदम थांबलं. सोलाणं हातातच होतं." तेव्हा मला कळले. खाली कोणी आले नाही.

मी कोण, हे सांगायचे राहिलेच. मी दारू तोलायचा एक जुना वजनकाटा. कारखान्यात मला ओतले, हिरवा रंग दिला, लांब दांडीवर खाचा पाडल्या आणि त्यावर दोन सरकती वजने बसवली. माझी दांडी पोलादी पात्यांवर उभी आहे आणि ती पाती अकीकाच्या दोन खोबणींत टेकतात. माझ्या पलड्यात पापणीचा एक केस टाकला तरी मला कळते. कारखान्यातल्या तपासनीस बाईने मला तपासून खोक्यात ठेवले तेव्हा ती म्हणाली होती, "हा चांगला निघाला." ते शब्द मी जपून ठेवले आहेत, कारण त्यानंतर माझे कौतुक फारसे कोणी केले नाही.

या घरात मी आर्डिसच्या लग्नात आलो. तिचे वडील थोर्वाल्ड यांनी मला जावयाच्या हातात दिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काडतुसं भरणारच असशील तर तोलून भर. पिस्तूल हातात घेणारी पोरगी माझी आहे."

आमच्या मोंटानाच्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात हिवाळा लांब असतो. गहू कापून झाला, हरणाची शिकार झाली, की लोक तळघरात उतरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी वाया जात नाही. तिच्या बुडाशी नवी टोपी बसवायची, आत तोलून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. ज्याचे त्याने भरायचे. आमच्याकडे लोक एकमेकांचा ट्रॅक्टर नेतात, ट्रक नेतात, न विचारता शिडी नेतात. पण दुसऱ्याने भरलेले काडतूस कोणी आपल्या पिस्तुलात घालत नाही. आत काय पडले आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. नवराबायकोचे एकवेळ चालते, तेही सगळ्यांचे नाही.

आमच्या घरात भरायचा व्हर्लिन आणि झाडायची आर्डिस. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. दर गुरुवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या तळघरात नेमबाजीची लीग असे. ती तिथून परत आली की कागदी लक्ष्य त्याच्यापुढे धरी आणि म्हणे, "बघ, तुझी काडतुसं कुठं गेली ते." सगळी भोके मधोमध असत. तो म्हणे, "दारू चांगली तोललेली असली की माकडालाही जमतं." मला ते फार आवडे.

मग एक दिवस व्हर्लिन ग्रेट फॉल्सच्या बाजारातून मापारी घेऊन आला.

त्याचे खरे नाव काय असेल ते असो, मी त्याला मापारीच म्हणतो. तांबडा, उंच, बाकाच्या कडेला बोल्टने घट्ट बसवलेला. डोक्यावर पारदर्शक नळकांडे, त्यात दारू ओतायची. बाजूला चकचकीत मूठ. मूठ खाली-वर केली, की ठरलेली दारू खालच्या नळीतून पुंगळीत पडते. तोलायला नको, थांबायला नको. घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्याची मूठ ओढून बघे. माझ्याकडे बोट दाखवून कोणी विचारले, असे मला आठवत नाही. व्हर्लिन त्याला तेलाच्या फडक्याने पुसायचा. मला पुसायला तो तोंडाने फुंकर मारी.

मला त्याचा मत्सर वाटला, आणि तो मी लपवत नाही. वाटे, हा बोल्ट ढिला होऊन पडावा.

पहिल्या दिवशी व्हर्लिनने आर्डिसला मुद्दाम खाली बोलावले.

"हे बघ. मूठ खाली, मूठ वर, झालं! आता तोलत बसायची कटकट नाही."

"माझी दारू घालून दाखव," आर्डिस म्हणाली.

आर्डिसची दारू म्हणजे फुगीर, चपट्या चकत्यांची. कोंड्यासारखी हलकी. व्हर्लिनने ती मापाऱ्याच्या डोक्यात ओतली आणि मूठ ओढली. आत करकर झाली. पहिले माप कमी पडले, दुसरे जास्त, तिसऱ्याला मूठ अडली.

"तुझा हा कोंडा अडकतो त्यात," व्हर्लिन म्हणाला. "दारूच बदलू या. ती बारीक आणतो. खसखशीसारखी वाहते, दर वेळी सारखी पडते. लीगमधला ऑरिन तीच वापरतो."

"ऑरिन मोज्यांवर सँडलही घालतो. मी घालू?"

"चेष्टा नको. सांग, काय वाईट आहे तिच्यात?"

आर्डिसने एक रिकामी पुंगळी उचलली. "माझी दारू हिच्यात अर्ध्याच्या वर येते. तुझ्या हातून चुकून दोनदा पडली, तर बाहेर सांडेल. बाकावर दिसेल. तुझी ती खसखस तळाशी बसते. एकदा पडली काय आणि दोनदा पडली काय, वरून नुसतं काळंच दिसणार. दोनदा पडलेलं काडतूस उडालं की पिस्तूल फुटतं. आणि तेव्हा पिस्तूल कुणाच्या हातात असणार?"

"मी काय दोनदा टाकणार आहे?"

"कॉफीत साखर टाकतोस की दोनदा. रोज."

तो हसला आणि हरला. आमच्या घरी कोंडाच राहिला. आणि कोंडा मापाऱ्यातून नीट वाहत नाही म्हणून एकेक माप माझ्यावर तोलणे भाग पडले. मित्रांनो, लोक समजतात दारू निवडणे म्हणजे फक्त जोर कुठला आणि धूर कुठला कमी, एवढेच बघायचे. मी सांगतो, दारू निवडली की त्या घरात कोण कामाचा आणि कोण शोभेचा, तेही ठरते. त्या दिवशी मापारी शोभेचा ठरला. मी अनेक वर्षे त्या सुखात होतो.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा डबा खोलीतसुद्धा नको, म्हणजे उरलेली दारू चुकीच्या डब्यात जायला नको. घर तापवणाऱ्या भट्टीचा गरम वारा झरोक्यातून सुटला, की माझी दांडी थरथरते, म्हणून आर्डिस त्या झरोक्यावर पुठ्ठा लावी. व्हर्लिन तोलून तोलून पुंगळ्या भरी आणि लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करी. ठोकळा भरला, की आर्डिस कॉफीचा कप खाली ठेवून टॉर्च उचले. एकेका पुंगळीत उजेड टाकून बघे. तिची नजर फिरल्याशिवाय एकाही पुंगळीवर शिसे बसत नसे. बघता बघता ती बोलतही असे. चर्चमध्ये कुणाचा केक मध्येच खचला, कुणाचा कुत्रा कुणाच्या कोंबड्यांत शिरला. व्हर्लिन "हं, हं" करी. खरे तर तो माझी रेषा बघण्यात गुंतलेला असे. पुढे पुढे तो रेषा बघायला नाक माझ्या दांडीला टेकवू लागला.

"डोळे दाखव," आर्डिस म्हणे.

"कापणी होऊ दे."

कापणी झाली, की म्हणे, "शिकार होऊ दे."

मागच्या वसंतात बिलिंग्जला तिची बहीण मार्व्हा पडली, खुब्याचे हाड मोडले. आर्डिस तिच्याकडे जाऊन राहिली. व्हर्लिनने एकट्याने काडतुसांचे डबेच्या डबे भरले. तिने परत आल्यावर खूश व्हावे म्हणून. टॉर्च त्यानेच फिरवली.

ती परत आली, टॉर्च पुन्हा तिच्या हातात गेली. तोललेले डबे ती पहिल्यासारखेच दर गुरुवारी पिशवीत घालून नेऊ लागली. फक्त ती लक्ष्याचा कागद आणून दाखवेनाशी झाली. व्हर्लिनने विचारले तर म्हणाली, "अरे, रोज रोज काय दाखवायचं. बरं चाललंय."

आणि मग तो फोन आला.

दफन झाल्यावर बऱ्याच दिवसांनी व्हर्लिन खाली आला. माझ्या पलड्यातली दारू त्याने बाहेर बर्फावर फेकली आणि पलडा परत ठेवला. दिवा मालवून वर गेला. मापाऱ्यावर त्याने टॉवेल टाकला होता. माझ्यावर काही टाकले नव्हते. माझ्या खोबणींत धूळ साचू लागली. वर चर्चच्या बायका झाकून आणलेली नूडल्सची भांडी फ्रीजमध्ये ठेवून जात. तो ती खाई की नाही, कोण जाणे. भांडी घासल्याचा आवाज मला येत नसे.

एका मंगळवारी तो डबा घेऊन खाली आला. नवा, झाकण न उघडलेला.

"हे बघ, आर्डिस," तो रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाला, "तुझा कोंडा कुठंच नाही. दुकानदार म्हणतो, वर्षभर आला नाही. म्हणून ऑरिनची खसखस आणलीय. ओरडू नकोस. गुरुवारी सगळे तुझ्या नावानं झाडणार आहेत, आणि तुझं पिस्तूल मी झाडणार आहे. दुसऱ्याची काडतुसं घालून नाही झाडणार."

त्याने टॉवेल काढला. मला मागे भिंतीला सरकवले. माझ्या पलड्यावर स्क्रूची डबी ठेवली. माझ्या पलड्यावर!

खसखस मापाऱ्याच्या डोक्यात सर्रकन उतरली. करकर नाही, अडणे नाही. मूठ खाली, मूठ वर. किती सहज, किती देखणे काम होते ते. इतकी वर्षे शोभेला उभा असलेला तो तांबडा आता घरचा कर्ता झाला होता. मापारी वापरला तरी अधूनमधून एक माप काट्यावर घालून खात्री करायची, असा कामाचा नियम आहे. निदान तेवढ्यासाठी तो स्क्रूची डबी बाजूला करील, म्हणून मी वाट पाहिली. त्याने मला हात लावला नाही. मनात म्हटले, पडू दे याची मापे चुकीची. चांगली चुकू देत.

मध्येच व्हर्लिन थांबे. हातात पुंगळी, नजर खुर्चीकडे. मग पुन्हा मूठ. ठोकळा भरल्यावर त्याने टॉर्च घेतली, नाक ठोकळ्याला लावले, डोळे चोळले, पुन्हा बघितले. "ठीक आहे," असे स्वतःलाच म्हणाला.

शिसे बसवून झाले की काडतुसे आर्डिसच्याच डब्यात घालावीत म्हणून तो वर जाऊन तिची नेमबाजीची पिशवी घेऊन आला. कानांवरचे झाकण निघाले, चष्मा निघाला, हातमोजे निघाले. हातमोजे त्याने बराच वेळ धरून ठेवले. मग डबा उघडला.

गोळी नळीतून सहज सरकावी म्हणून शिशावर मेण असते; आमचे निळे. त्या डब्यातल्या गोळ्यांवर तांबडे होते.

"हे माझं नाही," व्हर्लिन म्हणाला.

त्याने एक काडतूस हातोडीसारख्या साधनात अडकवून बाकावर आपटले. शिसे सुटले. मग त्याने मला पुढे ओढले, स्क्रूची डबी काढली, फुंकर मारली. इतक्या दिवसांनी मला कोणी कामाला लावले, आणि तेही दुसऱ्याची दारू तोलायला. पुंगळी पलड्यात उपडी झाली. बारीक, काळी खसखस. आमच्या मापाची नाही, आमच्या जातीची नाही. मी मुकाट्याने तोलले.

"ऑरिन," तो म्हणाला.

आमच्या लोकांत याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला एव्हाना कळले असेल. नवऱ्याने तोललेले डबे पिशवीत घालून निघायचे, आणि तिथे जाऊन दुसऱ्याने भरलेले झाडायचे. व्हर्लिनचा चेहरा दगडासारखा झाला. आणि माझे विचाराल तर मापाऱ्याचा मत्सर त्या क्षणी पोरखेळ वाटला. शहराच्या त्या टोकाला ऑरिनच्या गॅरेजमध्ये दुसरा कुठला तरी काटा होता, आणि आर्डिसची मापे तो तोलत होता.

व्हर्लिनने फोन केला. "ऑरिन, इकडे ये. आत्ता. नाही, जेवूनबिवून नाही."

ऑरिन ट्वेटन हा उंच, वाकलेला माणूस. धान्याच्या कोठारावर काम करून निवृत्त झालेला. बुटांवरचा बर्फ न झटकता तो जिना उतरला. बगलेत काही तरी होते. त्याने आधी बाक बघितला. मग डबा, मग मापारी, मग ठोकळा.

"व्हर्लिन, हे काय भरतोयस तू?"

"ते राहू दे. हे काय आहे ते सांग." तांबड्या मेणाचा डबा व्हर्लिनने त्याच्यापुढे आपटला.

ऑरिनने झाकण उघडून तांबडे मेण बघितले.

"माझ्या बायकोच्या पिशवीत होता. कधीपासून?"

"जूनपासून. मार्व्हाकडून आली ना, त्यानंतर."

"आणि मी गाढव इथं बसून तिच्यासाठी एकेक कण तोलतोय! दर गुरुवारी पिशवी भरून जायची, हसत जायची. तुझ्याकडे!"

"तोंड सांभाळ. महिना झाला नाही तिला पुरून."

"मग तू बोल. बोल की!"

ऑरिनने टोपी काढली. "जूनमध्ये आम्ही दोघंच होतो तिथं. तिनं चाप ओढला. आवाज नाही, नुसतं फुस्स. तिनं तिथंच पिस्तूल खाली ठेवलं, म्हणून वाचली. गोळी नुसत्या टोपीच्या जोरानं नळीत जाऊन अडकली होती. आणखी एक झाडली असती तर नळी फुटून तोंडावर आली असती. तुझं काडतूस होतं, व्हर्लिन. निळं मेण. आत दारूच नव्हती."

"खोटं."

"माझ्या गॅरेजमध्ये तिनं स्वतः पितळी कांडीनं ठोकून ती गोळी बाहेर काढली. मला कांडी धरूसुद्धा दिली नाही."

व्हर्लिन खुर्चीवर बसला. आर्डिसच्या. "मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'सांगितलं तर तो उद्यापासून तळघरात पाय ठेवणार नाही. डोळ्यांचं कबूल करणार नाही आणि तो काटा कुणाला तरी देऊन टाकील. मग हिवाळाभर आम्ही दोघांनी काय टीव्हीचं तोंड बघायचं? मी बसते पुन्हा टॉर्च घेऊन. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेते, हळूहळू. तोवर माझ्यासाठी तू भर.' मी नाही म्हटलं. अरे, मी माझ्या बायकोसाठी भरत नाही. तीच नको म्हणते! पण आर्डिसपुढं कुणाचं चाललंय?"

"माझे डबे कुठं आहेत मग?"

"माझ्याकडे, फळीवर. सगळे. ती बाहेरगावी असताना तू भरलेले कुठले आणि नंतरचे कुठले, तिला कळेना. झाकणावर तू काही लिहिलंच नव्हतंस. म्हणून एकही झाडलं नाही. फेकलंही नाही. म्हणाली, 'बसून उघडू कधीतरी.' फोनवर तुझा आवाज ऐकला, तेव्हाच समजलो. एक डबा आणलाय." त्याने बगलेतला डबा बाकावर ठेवला.

म्हणजे त्या दिवशी फोन वाजला तेव्हा माझ्या पलड्यात जी दारू होती, तीही ऑरिनच्या फळीवरच जाणार होती.

ऑरिनने टॉर्च उचलली. "आणि आता तू ही खसखस भरतोयस. एकटा. या डोळ्यांनी. बघितलंस यांच्यात?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

"दारू. सगळ्यांत दारू आहे. एकही रिकामी नाही."

"रिकामी नाही, हे खरं," ऑरिन म्हणाला. तो ठोकळ्यावर वाकून एकेक बघत गेला. एका पुंगळीवर थांबला. ती उचलून त्याने माझ्या पलड्यात उपडी केली.

माझी दांडी खट्कन वर आदळली.

व्हर्लिन उठला. नाक रेषेला लावून त्याने वजन सरकवले, आणखी सरकवले. दांडी स्थिर झाली तेव्हा तिथे बरोबर दुप्पट माप होते. मूठ ओढून तो खुर्चीकडे बघत राहिला असेल आणि त्याच पुंगळीवर पुन्हा मूठ ओढली असेल. आर्डिसने म्हटले होते तसेच झाले. वरून नुसते काळे.

मित्रांनो, खरे सांगतो, आधी मला आनंद झाला. मी वाट बघत होतो तशीच मापाऱ्याची फजिती झाली होती. मग मला व्हर्लिनचा चेहरा दिसला, आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना. मापाऱ्याचा तरी काय दोष? मूठ जितकी ओढली तितकी दारू त्याने टाकली.

"गुरुवारी हे तिच्या पिस्तुलातून तू झाडणार होतास," ऑरिन म्हणाला.

"जा आता," व्हर्लिन म्हणाला.

"व्हर्लिन..."

"ऑरिन, जा म्हटलं ना."

ऑरिनने टोपी घातली आणि तो गेला. जिन्यावर बर्फाचे पाणी राहिले.

व्हर्लिनने ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या उपड्या केल्या. मापाऱ्याच्या डोक्यातली खसखस नव्या डब्यात परत ओतली, झाकण लावले आणि डबा वर नेऊन ठेवला. गुरुवारी तो लीजन हॉलमध्ये गेला, पण पिस्तूल न घेता. परत आला तो थेट खाली. झरोक्यावर पुठ्ठा लावला, मला पुढे ओढले, मऊ ब्रशने माझ्या खोबणी झाडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग त्याने निळ्या मेणाचा डबा उघडला. आधी त्याने एक अख्खे काडतूस माझ्या पलड्यात ठेवून बघितले, न उघडता रिकामे ओळखता येईल का म्हणून. ते मला जमत नाही. एका पुंगळीत आणि दुसरीत, एका गोळीत आणि दुसरीत वजनाचा जितका फरक असतो, तितकीसुद्धा आतली दारू नसते. एक काडतूस जड, दुसरे हलके, पण कशामुळे ते मी सांगू शकत नाही. म्हणून एकेक आपटून उघडावे लागते. शिसे एका डबीत, पितळ दुसरीत, दारू माझ्या पलड्यात. दांडी रेषेवर आली, की तो म्हणतो, "हे बरोबर आहे, आर्डिस." मग पुढचे.

पहिल्या डब्यातले एकही रिकामे निघाले नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो डबा संपल्यावर म्हणाला, "मग ती सगळी चांगली तुला झाडता आली असती."

तुम्हाला वाटेल, आता तरी माझा मत्सर गेला असेल. मापाऱ्याचा गेला. तो टॉवेलखाली उभा आहे आणि मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. पण ऑरिनच्या काट्याचा गेलेला नाही. तिने शेवटच्या महिन्यांत झाडलेली मापे त्याने तोलली, मी नाही. व्हर्लिनचेही तसेच असावे. ऑरिनने तिला वाचवले, हे त्याला कळते. तरी तांबड्या मेणाचा तो डबा समोर आला की तो उलटा फिरवून ठेवतो.

मित्रांनो, काट्यावर धूळ बसू देऊ नका. डब्याच्या झाकणावर काय भरले आणि कधी भरले ते लिहून ठेवा. दारू निवडताना ती वाहते किती सुंदर, हे बघू नका. चूक झाली तर ती डोळ्याला दाखवते का, ते बघा. आणि शेजारी टॉर्च घेऊन कोणी बसत असेल, तर त्याच्या बोलण्याला नुसते "हं, हं" करू नका.

ऑरिनने आणलेला डबा उघडून झाला आहे. बाकीचे सगळे अजून त्याच्या गॅरेजमध्ये फळीवर आहेत. रिकामी कोणती, किती, हे त्यांतच कळणार. ते आणायचे तर ऑरिनच्या दारात जाऊन त्याच्याशी बोलावे लागेल. व्हर्लिन अजून गेलेला नाही.